कानसेनांची साक्ष

संगीत ऐकण्याच्या यंत्रसामग्रीवर मिळकतीचा मोठा हिस्सा खर्ची घालणाऱ्या रसिकांचा जो एक छोटा परंतु अत्यंत निष्ठावंत संप्रदाय जगभर पसरलेला आहे, त्यातील कोणीही जुना अ‍ॅम्प्लिफायर काढून नवा बसवला, किंवा साधी तांब्याची वायर काढून विणीच्या वेष्टणातली जाडजूड केबल जोडली, की त्याची जबानी बहुधा ठरलेली असते : गायिका आणि आपण यांच्यामधला पडदा सरला, तंबोऱ्याच्या तारा निरनिराळ्या ऐकू येऊ लागल्या, आणि आजवर असंख्य वेळा वाजवलेल्या रेकॉर्डमध्ये दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास आज प्रथमच कानी पडला. ही जबानी खोटी असते असे समजण्याचे काही कारण नाही. तो श्वास त्याने खरोखरच ऐकलेला असतो. निर्णय करावयाचा असतो तो एवढाच, की तो ऐकू आला नव्या यंत्राच्या गुणामुळे, की नव्या यंत्रासाठी पैसे मोजल्याच्या जाणिवेमुळे. आणि हा निर्णय स्वतः ऐकणाऱ्याने, यंत्राकडे पाहत पाहत, करणे शक्य आहे काय?

हा वाद ध्वनिमुद्रणाच्या धंद्याइतकाच जुना म्हटला पाहिजे. टॉमस एडिसन याच्या कंपनीने हिऱ्याच्या टोकाने वाजणाऱ्या आपल्या 'डायमंड डिस्क' यंत्राच्या प्रसारार्थ १९१५ पासून पुढे सुमारे दहा वर्षे अमेरिकेतील गावोगावच्या नाट्यगृहांत 'टोन टेस्ट' नावाचे जाहीर प्रयोग भरवले. रंगमंचावर यंत्र ठेवलेले असे, आणि ज्या गायिकेचे गाणे तबकडीवर मुद्रित झालेले असे तीच त्याच्या शेजारी उभी राहून त्याच्या सुरात सूर मिळवून गाई, मध्येच ओठ मिटून घेई, पुन्हा गाऊ लागे. पुढे नाट्यगृहातील दिवे मालवले जात, गाणे अखंड चालू राही, आणि दिवे पुन्हा लागत तेव्हा गायिका केव्हाच निघून गेलेली असून रंगमंचावर यंत्र तेवढे गात असलेले प्रेक्षकांना दिसे. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये १९१६ साली मारी रॅपोल्ड या ऑपेरा-गायिकेला घेऊन असा प्रयोग झाला. खरा कंठ आणि यंत्राचा कंठ यांत भेद कळत नाही, असा निर्वाळा अशा प्रयोगांनंतर मोठमोठ्या सभागृहांतील श्रोत्यांनी आणि वृत्तपत्रांनी दिला.

त्या तबकड्या आज कोणीही ऐकाव्यात. मायक्रोफोनचा उपयोग सुरू होण्यापूर्वी, कर्ण्यात तोंड घालून केलेले ते मुद्रण. त्यात खर्जही अपुरा आणि टीपही अपुरी, आणि सर्वांवर सुईच्या घर्षणाची अखंड खरखर. आजच्या शाळकरी मुलालाही जो भेद ओळखण्यास क्षणभर पुरेल तो हजारो प्रौढ माणसांना ओळखता आला नाही, याचे एक कारण अ‍ॅना केस या गायिकेने पुढे सांगून टाकले : आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाइतका लहान करून गात होतो, असा तो कबुलीजबाब होता. दुसरे कारण असे, की कंपनीने प्रेक्षकांना कशाकडे लक्ष द्यावयाचे हे आधीच शिकवून ठेवले होते, आणि त्यांच्यापुढे यंत्राहून वरचढ असे तुलनेचे दुसरे साधनही नव्हते. अंधार होता, डोळे निरुपयोगी झाले होते, आणि तरीही मन मोकळे नव्हते. केवळ दिवे मालवल्याने परीक्षा निःपक्षपाती होत नाही. ती कोणी मांडली आणि तिच्या निकालात कोणाचा लाभ आहे, हेही तपासावे लागते.

आता या मामल्याची शारीरिक बाजू पाहू. कान एकटा कधीच ऐकत नाही. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली 'नेचर' या नियतकालिकात एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात एका स्त्रीचे ओठ एक अक्षर उच्चारताना दिसत होते आणि ध्वनी दुसऱ्याच अक्षराचा जोडलेला होता : ओठ 'ग'चे आणि आवाज 'ब'चा असला, की पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना या दोहोंपैकी एकही अक्षर ऐकू न येता तिसराच 'द'सारखा वर्ण ऐकू येई. डोळे मिटले की 'ब' जागेवर येई. या प्रयोगातील खरे मर्म असे, की ही सारी करामत ठाऊक असलेल्या माणसालाही डोळे उघडताच पुन्हा चुकीचेच अक्षर ऐकू येते. ज्ञानाने भ्रमाचा निरास होतो हे आपल्या दर्शनांचे गृहीत या ठिकाणी लागू पडत नाही, आणि म्हणूनच "मला पूर्वग्रहांची कल्पना आहे, मी त्यांना बळी पडत नाही" हे जाणकारांचे आश्वासन बिनतक्रार मान्य करता येत नाही.

स्मरणाची गोष्ट याहूनही नाजूक आहे. ध्वनीचा बारीकसारीक तपशील, त्याची कांती, त्याचा पोत, स्मरणात काही सेकंदच ताजा राहतो. त्यानंतर उरतो तो त्या ध्वनीविषयीचा आपला अभिप्राय. केबल बदलावयाची म्हणजे यंत्र बंद करणे, मागची धूळ झटकणे, जोडण्या सोडवणे आणि पुन्हा आवळणे, यांत दहा-पंधरा मिनिटे जातात, आणि त्यानंतर होणारी तुलना ही ध्वनीची ध्वनीशी नसून ध्वनीची अभिप्रायाशी असते. शिवाय नव्या यंत्रासमोर माणूस ज्या एकाग्रतेने बसतो त्या एकाग्रतेने तो जुन्यासमोर कित्येक वर्षांत बसलेला नसतो. तो श्वास जुन्या यंत्रातूनही येत होता. तो ऐकायला कोणी बसले नव्हते.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र आवाजाच्या पातळीचा आहे, आणि त्यात मनाचा दोष काहीच नाही. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असताना मानवी कान खर्जाच्या, आणि काही प्रमाणात अतितार स्वरांच्या, बाबतीत मंद असतो, आणि आवाज वाढत जाईल तशी ही उणीव भरून येते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की एक यंत्र दुसऱ्यापेक्षा किंचित मोठ्याने वाजत असेल, इतके किंचित की ऐकणाऱ्याला ते "मोठे" म्हणून कळूही नये, तर ते त्याला अधिक भरदार, अधिक स्वच्छ, अधिक जिवंत वाटते. दोन अ‍ॅम्प्लिफायर एकाच खुणेवर बटण ठेवून सारख्या पातळीवर वाजतील अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. या कारणास्तव गंभीर परीक्षेत दोन्ही यंत्रांची पातळी व्होल्टमीटरने मोजून एका डेसिबलच्या दहाव्या-पाचव्या हिश्शापर्यंत जुळवून घेतात. दुकानात मात्र असे कोणी जुळवून दाखवल्याचे सहसा आढळत नाही.

पूर्वग्रहाचे मोजमाप ज्या प्रयोगाने सर्वांत स्पष्टपणे केले तो फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांचा. टूल हे कॅनडातील ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेत दीर्घकाळ स्पीकरांचा अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. पुढे ते हार्मन या अमेरिकन कंपनीत गेले, आणि १९९४ साली दोघांनी मिळून ध्वनि-अभियंत्यांच्या परिषदेपुढे एक निबंध सादर केला. कंपनीचेच ४० नोकर श्रोते म्हणून घेतले होते. स्पीकर चार. त्यांतील दोन मोठे, देखणे आणि महाग असून एकाच घडणीचे होते, फक्त आतील विद्युत् मंडळात थोडा बदल करून एक जर्मन अभिरुचीसाठी आणि दुसरा उत्तर युरोपच्या अभिरुचीसाठी सिद्ध केलेला होता. तिसरा प्रतिस्पर्धी कंपनीचा, तोही मोठा आणि मासिकांतून वाखाणला गेलेला. आणि चौथा, कंपनीचाच, प्लास्टिकच्या पेट्यांचा एक लहानसा स्वस्त संच. हे चारही श्रोत्यांना एकदा उघड दाखवून ऐकवले, आणि एकदा ध्वनी आरपार जाऊ देणाऱ्या पण दृष्टीस अडवणाऱ्या पडद्यामागून ऐकवले.

उघड परीक्षेत मोठ्या देखण्या जोडीचे गुण वाढले, प्लास्टिकच्या गरीब संचाचे घटले. स्वतःच्या कंपनीविषयीचा अभिमानही त्याला तारू शकला नाही आणि प्रतिस्पर्ध्याच्या प्रख्यात स्पीकरने त्याला मागे टाकले. पडदा ओढल्यावर तोच संच त्या प्रख्यात स्पीकरच्या किंचित पुढे गेला. जर्मन आणि उत्तर युरोपीय अभिरुचींमधला तो सूक्ष्म भेद तर पडद्यामागे जवळजवळ नाहीसाच झाला, आणि पुढे सबंध युरोपसाठी एकच नमुना ठेवण्यात आला. एवढे झाले ते अपेक्षितच होते असे कोणी म्हणेल. किंमत, आकार, लौकिक यांनी मत झुकते हे सांगायला प्रयोगशाळा कशाला हवी?

परंतु या प्रयोगातील दुसरे फलित, ज्याचा उल्लेख फार थोडे लोक करतात, माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. स्पीकरची खोलीतील जागा बदलली की त्याचा खर्ज प्रत्यक्षात बदलतो. भिंतीजवळ तो फुगतो, भिंतीपासून दूर आणला की आवरतो. हा काल्पनिक भेद नव्हे, तो मोजता येतो. पडद्यामागून ऐकणाऱ्या श्रोत्यांनी जागा बदलल्याबरोबर आपले गुण बदलले, वाजवलेले संगीत बदलल्यावरही बदलले. उघड पाहणाऱ्या श्रोत्यांचे गुण मात्र फारसे हललेच नाहीत. समोर कोणता स्पीकर आहे हे कळल्यावर त्यांचे मत इतके पक्के झाले होते, की कानावर येणारा खराखुरा फरक त्यांच्या खिजगणतीतही आला नाही. आणि यात अनुभवी श्रोते नवख्यांहून फारसे वेगळे निघाले नाहीत.

पूर्वग्रहाविषयीची आपली सर्वसाधारण समजूत अशी असते, की तो नसलेले काही ऐकवतो. तो असलेले ऐकू देत नाही, ही त्याची दुसरी आणि अधिक घातक करणी होय. महागड्या केबलीने संगीतात सोने ओतले गेले असे मानणारा रसिक फार तर आपले पैसे घालवतो. पण त्याच समाधानात जो आपल्या स्पीकरांचा कोपऱ्यात फुगलेला खर्ज वर्षानुवर्षे ऐकेनासा होतो, त्याचे संगीतच हातचे जाते. पडद्याआडच्या परीक्षेला हौशी मंडळी "आनंदाचा विरस करणारी" म्हणून नावे ठेवतात. वास्तविक बारकावे ऐकण्याची कुवत कानाला पुन्हा मिळवून देणारी तीच एक रीत आहे. हीच रीत पुढे चालवून ऑलिव्ह यांनी २००३ साली २६८ श्रोत्यांचे निकाल प्रसिद्ध केले, आणि त्यांत असे दिसले की डोळ्यांआड ठेवलेल्या स्पीकरांची पसंतीची क्रमवारी शिकवून तयार केलेल्या आणि न शिकवलेल्या श्रोत्यांची साधारण एकच येते. तरबेज कान अधिक काटेकोर गुण देतो, पण चांगले-वाईट तेच ठरवतो. "ज्याची त्याची आवड" हे सुभाषित निदान स्पीकरांच्या बाबतीत दिसते त्याहून बरेच कमी खरे आहे.

अ‍ॅम्प्लिफायरांची कथा याच्या उलट टोकाची. सुस्थितीतील आधुनिक अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या ताकदीबाहेर त्याला ताणले नाही तर, इतकी थोडी विकृती करतो की कानाच्या मर्यादेत ती येतच नाही. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने १९८७ च्या आरंभी सुमारे २२० डॉलरांपासून १२,००० डॉलरांपर्यंतच्या यंत्रांची पातळी जुळवून, नावे झाकून परीक्षा घेतली. यंत्रांत भेद असतो असे मानणारे आणि न मानणारे अशा दोन्ही पक्षांचे श्रोते तीत होते, आणि दोघांच्याही उत्तरांचा कौल नाणे उडवून मिळावा तितपतच निघाला. त्याआधी दोन वर्षे बॉब कार्व्हर या अभियंत्याने तर 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या परीक्षकांना त्यांच्याच मैदानात आव्हान दिले होते : तुम्ही निवडाल त्या बहुमोल अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टरच्या यंत्रात मी ४८ तासांत उतरवून दाखवीन. परीक्षकांनी व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे एक महागडे यंत्र निवडले. कार्व्हरने दोन्ही यंत्रांतून निघणाऱ्या विद्युत् संकेतांची एकमेकांतून वजाबाकी करून जो शेष राहील तो शून्याच्या जवळ येईपर्यंत आपल्या यंत्राचे घटक हॉटेलच्या खोलीत बसून बदलले, आणि अखेर परीक्षकांना भेद सांगता आला नाही. ट्यूबची ती प्रसिद्ध ऊब, जिच्यावर पानेच्या पाने लिहिली गेली, विद्युत्शास्त्राच्या साध्या हत्यारांनी नकलून घेता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. ती ऊब कोणाला प्रिय असू नये, असे अर्थातच सिद्ध झाले नाही.

अलीकडचा दाखला याहून बोचरा आहे. कॅलिफोर्नियातील मोबाइल फिडेलिटी ही कंपनी जुन्या गाजलेल्या संगीताच्या रेकॉर्डी मूळ चुंबकीय फितीवरून नव्याने काढते, आणि संगणकाचा स्पर्श न झालेले शुद्ध ध्वनिमुद्रण म्हणून तिच्या रेकॉर्डी वाट्टेल ती किंमत देऊन घेणारे रसिक जगभर होते. २०२२ च्या जुलै महिन्यात असे उघडकीस आले, की या कंपनीच्या अनेक रेकॉर्डी २०११ पासून मधल्या पायरीवर डिजिटल प्रतीवरूनच काढल्या जात होत्या. ज्यांनी डिजिटल ध्वनीच्या "कोरडेपणा"ची आयुष्यभर निंदा केली, त्यांतील कित्येकांनी याच रेकॉर्डींना शुद्धतेचा आदर्श म्हणून डोक्यावर घेतले होते. मोठा गहजब झाला, फिर्यादी झाल्या, कंपनीने भरपाई कबूल केली. ग्राहकांची फसवणूक झाली ही गोष्ट निर्विवाद आहे, आणि त्यांचा संतापही रास्त आहे. तरीपण या अकरा वर्षांत एकाही प्रख्यात कानाने, केवळ ऐकून, "यात डिजिटल आहे" अशी हरकत जाहीरपणे नोंदवून ती टिकवून दाखवली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो गौप्यस्फोट कानांनी केला नाही, चौकशीने केला.

विरुद्ध पक्षाची कैफियत नीट ऐकल्यावाचून फैसला देणे बरे नव्हे. जॉन अ‍ॅटकिन्सन हे पुढे 'स्टिरिओफाइल'चे दीर्घकाळ संपादक झालेले गृहस्थ. १९७८ साली ते अशाच एका झाकलेल्या परीक्षेला बसले, तीत त्यांना अ‍ॅम्प्लिफायरांमध्ये भेद सापडला नाही, म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे क्वाड कंपनीचे तुलनेने स्वस्त यंत्र घरी आणले. काही काळाने त्यांच्या ध्यानात आले, की आपण पूर्वीसारखे संगीत ऐकेनासेच झालो आहोत, त्यात गोडी उरली नाही. पुढे त्यांनी ट्यूबचे यंत्र आणले तेव्हा गोडी परतली. त्यांचा निष्कर्ष असा, की घाईच्या परीक्षेत, मनावर ताण असताना, दर मिनिटाला उत्तर मागितले असता जे कळत नाही, ते महिनोन् महिने सहवासात कळते. हा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र त्या घरात कोणते यंत्र वाजत आहे हे अ‍ॅटकिन्सन यांना रोज ठाऊक होते, आणि म्हणून त्यांची निराशा यंत्रातून आली की यंत्राच्या ओळखीतून, हे त्यांच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. सहवास दीर्घ हवा असेल तर परीक्षाही दीर्घ घेता येते. महिनाभर पेटी झाकून ठेवण्यास कोणाची मनाई आहे?

संशयवाद्यांच्या पदरातही थोडे माप घालणे न्याय्य होईल. काहीच ऐकू येणार नाही अशा निश्चयाने जो परीक्षेला बसतो त्याला काहीच ऐकू येत नाही, आणि असा "नापास" निकाल भेदाच्या अभावाचा पुरावा ठरत नाही. बॉस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी २००७ साली उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच ध्वनिमुद्रण साध्या सीडीच्या दर्जावर उतरवून, अशी तुलना ५५४ वेळा करवली, तेव्हा २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निव्वळ अदमास. पुढे २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचे बारा हजारांहून अधिक निकाल एकत्र मांडले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ निघाले, आणि ज्या श्रोत्यांना काय ऐकायचे हे आधी शिकवले होते त्यांच्यात ते साठीच्या घरात गेले. म्हणजे भेद अगदीच नाही असे नाही. तो आहे, पण सुईच्या अग्राइतका. आणि जाहिरातींत जो वर्णिलेला असतो तो हाच, हे ओळखू येणार नाही.

'स्टिरिओफाइल' ज्यांनी १९६२ साली स्थापन केले त्या जे. गॉर्डन होल्ट यांनी उतारवयात, २००७ मध्ये, आपल्याच संप्रदायाला खडे बोल सुनावले : झाकून परीक्षा घेण्याचा साधा प्रामाणिकपणा नाकारल्यामुळे या धंद्याने बाहेरच्या जगातील आपली पत गमावली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. केवळ ऐकून यंत्राची पारख करण्याची प्रथा ज्यांनी रूढ केली त्यांचीच ही तक्रार असल्यामुळे तिचे वजन अधिक.

ज्या वाचकाला हे सारे स्वतः पडताळून पाहावयाचे असेल त्याने प्रथम दोन्ही यंत्रांची पातळी मोजून जुळवावी; व्होल्टमीटर फार महाग मिळत नाही, आणि एरवीही घरात उपयोगी पडतो. नंतर यंत्रे चादरीखाली झाकावीत, बदल करण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे, आणि कोणत्या खेपेस कोणते यंत्र लावायचे हे त्या दुसऱ्याने नाणे उडवून ठरवून कागदावर टिपून ठेवावे. अशा १६ खेपांत १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर ते केवळ नशिबाने घडण्याचा संभव शेकडा चारांहून थोडा कमी असतो, आणि मग नवे यंत्र सुखेनैव ठेवून घ्यावे. आठ-नऊच आली, तरीही ते देखणे आहे, भारदस्त आहे, त्याच्या काचेतून ट्यूबचा लालसर उजेड दिसतो म्हणून ठेवावयाचे असल्यास ठेवावे. त्यासाठी कानांना साक्षीला बोलावण्याचे प्रयोजन नाही. मदतनीस निवडताना मात्र एक पथ्य पाळावे. यंत्राची किंमत ज्याला ठाऊक आहे आणि तुमचा उत्साह ज्याला संसर्गतो असा मित्र घेऊ नये, कारण त्याचा चेहरा, त्याची चाहूल, त्याने बटण दाबताना घेतलेला वेळ, यांवरून उत्तर नकळत फुटते. घरातील ज्या व्यक्तीला या सगळ्या प्रकाराचा मनस्वी कंटाळा आहे तीच या कामाला सर्वांत लायक होय. आणि तिलाही पडद्याआडच बसवावे.